पाचव्या खुर्चीवरचे कपडे

१

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण धाकट्या मुलाला, बोक्याला, खोकल्याचं औषध सव्वासातला द्यायचं होतं आणि तीन मिनिटं उशीर झाला म्हणून त्याची आई घड्याळाकडे बघून स्वतःवरच चिडली होती. तीन मिनिटांनी कुणाचा खोकला वाढत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तिचा जीवच तसा घाबरा. बाहेर पडताना दाराची कडी ओढून बघायची, आणि जिना उतरून झाल्यावर परत वर येऊन आणखी एकदा ओढायची.

घरात माणसं चार आणि खुर्च्या पाच. जेवणाचं टेबल जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं तेव्हा त्याच्याबरोबर सहा खुर्च्या आल्या होत्या. एक जिना चढवतानाच मोडली. उरलेल्यांतली पाचवी खिडकीला पाठ करून उभी असायची, आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे. कपाटात जायच्या आधी कपड्यांचा दोन-दोन दिवस तिथेच मुक्काम.

जेवणाआधी रोज प्रार्थना व्हायची आणि तिची या घरची एक पद्धत होती. प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. एकच, आणि खरी. ‘सगळ्यासाठी आभार, आमेन’ असं म्हणून भाजीवर हात मारायची सोय नव्हती.

बाबा शीतगोदामात कामाला होते. वाटाणे, लोणी, मासे, असा माल ज्या खोल्यांत गोठवून ठेवतात तिथे दिवसभर खोकी रचायची. घरी आल्यावरसुद्धा अर्धा तास त्यांचे तळवे गारठलेले असायचे, आणि ते कोणी आधी गालाला लावायचे यावरून मुलांची रोज मारामारी.

त्या दिवशी बाबांनी बसमध्ये बसायला जागा मिळाली म्हणून आभार मानले. सहा वर्षांच्या खारूने दात हलायला लागला म्हणून मानले. चार वर्षांच्या बोक्याने डोळे घट्ट मिटले. औषधाने तोंड अजून वाकडंच होतं.

“आईच्या पायात काच गेली नाही म्हणून आभार. आमेन.”

“कुठली काच रे?” आईने विचारलं.

“फुटली ती.”

“आज काही फुटलं नाही.”

“मग उद्या फुटेल,” खारू मोठ्या बाईसारखी म्हणाली. “आता जेवायचं का?”

बाबा हसले. आईसुद्धा हसली. टेबलाखालून ठक-ठक आवाज आला, मग जरा थांबून आणखी एक ठक. बोक्याची टाच खुर्चीच्या पायावर आपटतेय, असं तिला वाटलं.

“पाय नीट ठेव,” ती म्हणाली.

बोक्याचे पाय वर होते. मांडी घालून बसला होता.

२

शुक्रवारी सकाळी साखरेची बरणी तिच्या हातून निसटली. फरशीवर पडली आणि असा आवाज झाला की बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले.

“हलू नकोस,” ते म्हणाले.

ती हललीच नव्हती. अनवाणी उभी होती आणि खाली बघत होती. काचा पार फळीखाली, मोरीपर्यंत, दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या. साखर आणि काच एकमेकांत मिसळून सगळी फरशी चकाकत होती. फक्त तिच्या दोन पावलांभोवती ताटाएवढी गोल जागा कोरी होती. एक कण नाही. कुणी तिथे दोन्ही हातांचं आळं करून धरलं असतं तर अशीच राहिली असती.

“नशीब,” बाबा म्हणाले आणि केरसुणी आणायला गेले.

ती झाडून काढता काढता विचार करत होती. मुलं बरणीशी खेळली असतील, बरणी काठावर आलेली पोराने बघितली असेल, एवढंच. हे पटलंसुद्धा. ती कोरी जागा मात्र तिने सगळ्यात शेवटी झाडली, आणि का कोण जाणे, हलक्या हाताने झाडली.

संध्याकाळी खारूची पाळी आली. “खालच्या शिंपीणकाकूंची इस्त्री बंद केली म्हणून आभार.”

आई घरी बसून शिंपीणकाकूंच्या शर्टांना काज-बटणं करून द्यायची. शनिवारी सकाळी शर्ट द्यायला ती खाली गेली, तर दार सताड उघडं आणि काकू गच्चीवर वाळवणाच्या दोरीजवळ कुणाशी तरी गप्पा मारत उभ्या. आत इस्त्री कपड्यावर पालथी, आणि कपड्यातून करड्या धुराची बारीक रेघ निघालेली. तिने धावत जाऊन बटण बंद केलं.

“बाई, तू आली नसतीस तर माझं दुकान आणि घर एकदमच उजळलं असतं,” काकू म्हणाल्या. त्या अशाच बोलायच्या. तिला मात्र हसू आलं नाही. वर येताना तिने कठडा घट्ट धरला होता, आणि खरं सांगायचं तर घाबरल्यामुळे किती आणि वाचल्याच्या आनंदाने किती, हे तिला वेगळं करता येईना.

३

दुपारी तिने दोघांना समोर बसवलं.

“तुम्हाला हे कोण सांगतं?”

“गारूमामा,” बोका म्हणाला.

“कोण गारूमामा? मला भाऊ नाही. मग तुम्हाला मामा कुठून आला?”

खारूने पाचव्या खुर्चीकडे हनुवटी उडवली. “तिथे बसतो तो. तू त्याच्या मांडीवर कपडे ठेवतेस.”

“तो रागावत नाही,” बोक्याने घाईघाईने आईची समजूत घातली. “पण त्याला हात वर काढता येत नाहीत. मग तो खालून वाजवतो.”

मुलांचे असे खेळ आधीही झाले होते. मागे महिनाभर न्हाणीघरात एक जिराफ राहत होता, त्याच्यासाठी दार उघडं ठेवावं लागायचं. तिने तेव्हा ठेवलं होतं. पण जिराफाने कधी कुणाची इस्त्री बंद करवली नव्हती.

“आणि गारू कशाने?”

“गार असतो ना. बाबांबरोबर कामावर पण जातो.”

मुलं खेळायला गेल्यावर तिने कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि खुर्चीच्या बैठकीवर तळवा टेकवला. लाकूड गार होतं. खिडकीजवळचं लाकूड गारच असणार, असं म्हणून तिने शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. तीही खिडकीजवळच होती, आणि उन्हाने कोमट झाली होती. तिने पुन्हा पाचवीला हात लावला. हा गारवा तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी दार उघडल्यावर नवऱ्याच्या तळव्यांना असायचा, तोच.

तिने कपडे परत होते तिथे ठेवले. मग ‘मांडीवर’ हा शब्द आठवला, आणि गठ्ठा जरा कडेला सरकवला.

४

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर तिने पाळकबाईंना गाठलं. पाळकबाई रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायच्या आणि त्या वेळी रंगीत खडू डब्यात भरत होत्या.

“बाई, मुलांनी न घडलेल्या गोष्टीचे आभार मानले तर चालतं का?”

“न घडलेल्या म्हणजे?”

तिने सगळं सांगितलं, फक्त खुर्चीचं सोडून. ते सांगायला तिला लाज वाटली.

पाळकबाईंनी एक खडू झटकून डब्यात टाकला. “मुलं आहेत गं. पण प्रार्थनेत खरं तेच बोलावं, ही सवय लहानपणीच लागलेली बरी. आज बरणी, उद्या म्हणेल मी परीक्षेत पहिला आलो म्हणून आभार, आणि अभ्यासाच्या नावाने शून्य.” मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “आणि पुढचं सांगणं वगैरे आपल्यात बसत नाही. त्या वाटेला मुलांना जाऊ देऊ नकोस.”

एवढं तिला पुरलं. घरी जाताना वाटेतच तिने ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर तिला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी बोक्याने हात जोडले. “बाबांचं दार उघडलं म्हणून आभार. एका चपलेच्या बाईने उघडलं. आमेन.”

“आमेन,” बाबा म्हणाले.

“थांबा,” आई म्हणाली. “बोक्या, हे आज घडलं का?”

“नाही.”

“मग ते खोटं झालं. देवाशी खोटं बोलायचं नाही. आभार परत घे.”

“अगं, जाऊ दे ना,” बाबा म्हणाले. “दार उघडल्याचे तर आभार आहेत. बंद झाल्याचे नाहीत.”

“अहो, तुम्ही मध्ये बोलू नका. सवय लागते. परत घे, बोक्या.”

बोक्याचा खालचा ओठ बाहेर आला. त्याने आधी खुर्चीकडे बघितलं, मग आईकडे. “परत घेतले की मग ते कोण मानणार?”

“कुणी नाही. घडलंच नाही तर कशाला मानायचे?”

“आभार परत,” बोका म्हणाला आणि रडायला लागला.

तेवढ्यात पाचवी खुर्ची मागे सरकली. फार नाही, चार बोटं. टेबलावरून उठताना माणूस खुर्ची सरकवतो, तशी. वरचा गठ्ठा कलला आणि बाबांचा निळा शर्ट घरंगळून खाली पडला.

“फरशीला उतार आहे,” बाबा म्हणाले.

पाच वर्षं त्याच फरशीवर ती खुर्ची उभी होती. आईने शर्ट उचलला आणि बैठकीला हात लावला. आता ती इतर खुर्च्यांसारखीच होती. टेबलाखाली काही वाजलं नाही. जेवण झालं तरी वाजलं नाही. हवं होतं ते झालं, मग आपल्याला घरातून कुणी निघून गेल्यासारखं का वाटतंय, हे तिला कळेना.

५

सोमवारी मुलं शाळेत गेली. बाबा फोन चार्जिंगला तसाच विसरून कामावर गेले. ती काज करत बसली. दर दोन शर्टांनी उठून पाचव्या खुर्चीला हात लावून बघत होती. कोमट. पुन्हा कोमट. याआधी तिने खुर्चीच्या उबेची कधी धास्ती घेतली नव्हती.

कुणी कुठल्या दारात अडकत नाही, हे तिला माहीत होतं. बाबांनीच सांगितलं होतं की गोठवणीच्या दाराला आतून ढकलायची मूठ असते. म्हणजे प्रश्नच नाही. शिवाय एका चपलेची बाई कशाला कुठे जाईल? बायका दोन चपला घालतात. असं स्वतःला समजावत तिने बाराव्या शर्टाचं बटण उलट्या बाजूला लावलं, आणि ते उसवून परत लावलं.

एकला दहा मिनिटं असताना शर्टांचं गाठोडं घेऊन ती जिना उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर उजव्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल गडगडत खाली गेली आणि कठड्याच्या फटीतून अंगणात पडली.

ती कठड्याला धरून उभी राहिली. एक पाय चपलेत, दुसरा गार दगडावर.

शिंपीणकाकूंनी दारातून बघितलं. “अगं, काय झालं? पडलीस का?”

तिने गाठोडं काकूंच्या हातात कोंबलं आणि पळत सुटली.

६

शीतगोदाम दोन बसथांबे लांब होतं. बस आली नाही. तिने वाटसुद्धा बघितली नाही. फाटकाशी राखणदार डबा खात बसला होता. तो तिला ओळखत होता.

“वहिनी, असं धावत? मुलं बरी आहेत ना?”

“हे कुठेत?”

“जेवायची सुट्टी आहे. सगळे वर आहेत.”

“तुम्ही यांना वर जाताना बघितलं?”

त्याने घास तसाच गालात धरला. “आता एवढ्यात कोण कोण गेलं, काय सांगू? गेले असणार.”

ती त्याच्या बाजूने आत शिरली. तो डबा ठेवून मागून आला. “वहिनी, बाहेरच्यांना मनाई आहे. मी वर निरोप देतो, तुम्ही इथे बसा.”

आत एक लांब बोळ होता आणि बोळात एका रांगेत चार पोलादी दारं. प्रत्येकाला हातभर लांब दांडा. वर यंत्रं घुमत होती आणि तो घुमारा दातांत जाणवत होता. चारही दारं बंद, चारही सारखी. तिने पहिल्या दाराला कान लावला. मग दुसऱ्या. घुमारा, बाकी काही नाही.

“हे दार उघडा,” ती म्हणाली.

“कुठलं? आणि का? उगाच उघडलं तर माल घाम धरतो, मग माझी नोकरी जाते. आतून मूठ आहे, वहिनी. कुणी अडकत नाही.”

हेच तर ती सकाळपासून स्वतःला सांगत होती. दुसऱ्याच्या तोंडून ते फार पटण्यासारखं वाटलं. तिला वाटलं, आपण घरी जावं. एका पायात चप्पल घालून भर दुपारी नवऱ्याच्या कामावर तमाशा केला, हे उद्या सगळ्यांना कळेल.

मग तिला बोक्याचा प्रश्न आठवला. परत घेतले की मग ते कोण मानणार?

तिने तिथेच, त्या ओल्या बोळात, हात जोडले. राखणदार चपापून एक पाऊल मागे सरकला. ती मोठ्याने म्हणाली, “त्यांचं दार उघडलं म्हणून, प्रभू, तुझे आभार. एका चपलेच्या बाईने उघडलं म्हणून आभार. आमेन.”

घुमारा तसाच चालू होता. आणि त्याच्या खालून आलं, ठक-ठक. जरा थांबून, ठक.

तिसरं दार.

“ऐकलंत?” ती म्हणाली.

“काय?” राखणदार म्हणाला.

तिने दांड्यावर सगळा भार टाकला. दार सुटलं आणि पांढरी वाफ तिच्या पायांवरून वाहायला लागली. आत अंधार होता. दाराच्या बाजूलाच, खोक्यावर, बाबा अंगाचं मुटकुळं करून बसले होते. हात काखेत घट्ट, पापण्यांवर बर्फाची भुकटी. आतली मूठ गोठून दगड झाली होती.

राखणदार धावत आत शिरला. दोघांनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. तो दार लोटायला वळला तेव्हा तिने मागे बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं की वाईट, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

दाराच्या आतल्या बाजूवर बर्फाचा बोटभर थर होता. त्या थरात, टेबलाखालून माणूस जितक्या उंचीवर हात लावेल तितक्याच उंचीवर, एका तळव्याचा ठसा होता. पाची बोटं, पार पोलादापर्यंत वितळलेली. कडांवरून पाणी अजून ओघळत होतं.

त्या खोलीत ऊब असलेला हात कुणाचाच नव्हता.

७

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. बोटं वाचली, माणूस वाचला. दोन दिवस घरी पांघरुणात ठेवा, गरम प्यायला द्या. गोदामात चारही दारांच्या मुठी त्याच दुपारी बदलल्या.

संध्याकाळी बाबा दोन पांघरुणं घेऊन टेबलाशी बसले होते. मुलं त्यांच्या तळव्यांवर आपले गाल ठेवून त्यांना ऊब देत होती. रोजच्या उलट.

“एक सांग,” बाबा हळूच म्हणाले. “इतका वेळ बाहेरून दार वाजवत होतीस, मग उघडायला एवढा वेळ का लावलास? दोनदा झोप लागत होती मला. तुझ्या वाजवण्यानेच जाग राहिली.”

तिने हातातला कप खाली ठेवला. “मी नाही वाजवलं. तुम्ही वाजवत होतात ना?”

“माझे हात तर काखेतून निघत नव्हते.”

तिने त्यांचं पांघरूण खांद्यावर ओढलं. विचारण्यासारखं खूप होतं. पण समोर तो माणूस बसला होता, त्याच्या कपातून वाफ येत होती, आणि तिला तेवढं पुरेसं होतं. इतकं पुरेसं होतं की तिचे डोळे भरून आले.

ती उठली. पाचव्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलून पलंगावर नेऊन ठेवला. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

“आज आईची पाळी आधी,” खारू म्हणाली.

आईने आभार मानले. एकच गोष्ट सांगायची, या नियमाला ती पहिल्यांदाच चुकली. बाबा, बरणी, इस्त्री, तुटलेली चप्पल, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आणि बोक्याचे आभार मी परत घ्यायला लावले, त्याची क्षमा कर.”

बोक्याने एक डोळा उघडून खुर्चीकडे बघितलं. “आलाय,” तो म्हणाला, आणि लगेच मिटला.

बाबांनी जिवंत असल्याचे मानले. बोक्याने बाबांचे हात गार असल्याचे मानले. मग खारूची पाळी आली. दात त्या दुपारी पडला होता, म्हणून ती बोबडं बोलत होती. आई दाताचीच वाट बघत होती.

“आम्ही पाची जण वेळेवर बाहेर पडलो म्हणून आभार,” खारू म्हणाली.

आईच्या पाठीतून गारवा वर चढत मानेपर्यंत आला. कुठून बाहेर पडलो, हे विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. ‘पाची’ हा शब्द मात्र तिने धरून ठेवला.

“आमेन,” ती म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने.

टेबलाखालून ठक-ठक आलं. जरा थांबून, ठक.

ते अजून घडलेलं नाही. तेव्हापासून दाराशी चपलांचे चार जोड तोंड बाहेर करून मांडलेले असतात. ती दाराला आता कडी न लावता फक्त खिट्टी लावते, एका हाताने उघडते अशी. पाचव्या खुर्चीवर पुन्हा कपडे पडले नाहीत. भीती वाटते, रोज वाटते. पण घडायच्या आधीच ज्याचे आभार मानून झालेत त्याला भ्यायचं किती, हाही तिला प्रश्न पडतो, आणि मग ती भाजी ढवळायला लागते.

तिने हे आधी पाळकबाईंना सांगितलं, या वेळी खुर्चीसकट. मग शिंपीणकाकूंना, मग त्या राखणदाराला. तिचं म्हणणं एवढंच आहे: तुमच्या घरी एखाद्या लेकराने न घडलेल्या गोष्टीचे आभार मानले, तर त्याला खोटं पाडू नका. परत घ्यायला तर मुळीच लावू नका. आमेन म्हणा, आणि चपला हाताशी ठेवा. आणि ज्या घरात लहान मुलं आहेत आणि एक खुर्ची जास्त आहे, अशा कुणाला तुम्ही ओळखत असाल, तर त्यांनाही एवढं कळवा.